नावाखालची ओळ

आमच्या पेत्रालिनात माणूस गेला की त्याचा कागद भिंतीला लागतो. काळी चौकट, वर क्रूस, मधे ठळक अक्षरांत नाव आणि वय. नावाच्या खाली, थोड्या लहान अक्षरांत, गावाने त्याला पाडलेलं नाव. ही खालची ओळ नसेल तर वरच्या सगळ्याचा काही उपयोग नाही. आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं असतं. अर्ध्या गावाचं आडनाव प्रोकोपिओ, आणि गावाचा संत अगात्सिओ. त्यामुळे एकाच वेळी चार-चार अगात्सिओ प्रोकोपिओ गावात जिवंत असायचे, आणि चौकात ती हाक मारली तर एकही वळून बघायचा नाही. लंगडा म्हणा, मग वळेल. मी वाणिज्य शाळा पास होऊन तेलाच्या गिरणीत लागलो तेव्हापासून मला सगळे हिशेबनीस म्हणतात. माझं खरं नाव माझ्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल.

हे कागद चिकटवणारा अगात्सिओ प्रोकोपिओ म्हणजे मेरिकानो. मैद्याची खळ शिजवून बादलीत घ्यायची, खांद्यावर कुंचा, काखेत कागदांची गुंडाळी. सिनेमाचे, निवडणुकीचे, मेलेल्यांचे, सगळे कागद तोच लावायचा. बादली घेऊन तो चढ चढताना दिसला की बारच्या दारातून सावेरिओ ओरडायचा,

"मेरिकानो, कोण गेलं?"

"तुझं गिऱ्हाईक. उधळपट्टी करू नकोस आता."

मग तो नाव सांगायचा. नाव म्हणजे खालच्या ओळीतलं. "गाढववाल्याची थोरली," किंवा "घंटेवाला." बायका खिडकीतून विचारायच्या, म्हातारे बाकावरून विचारायचे. कागद वाचायला भिंतीपाशी कोणी जायचं नाही. कागद लावणाराच चालता बोलता कागद होता, मग वाचायचं कशाला?

मेरिकानो म्हणजे अमेरिकन. पण आमच्याकडे हा शब्द एकाच अर्थाने कधी वापरला नाही. सोन्याचा दात आणि पांढरे बूट घेऊन परत आलेला तो मेरिकानो. ब्रुकलिनला राहून आलेल्या एकाच्या तोंडात ते नाव बसेना, तो ब्रोकोलिनो म्हणायचा, म्हणून त्याचं सगळं घराणंच ब्रोकोलिनो झालं. त्रेचाळीस साली युद्धात रणगाडे आले, त्यांवरचे पोरगे कॅनडाचे होते असं पाद्रीबाबा सांगून थकले. पण ते तोंड चघळत होते आणि चॉकलेट वाटत होते, म्हणजे मेरिकानीच. पुढे लोक जर्मनीला जायला लागले, त्यांना जर्मनेसे म्हणू लागले. त्या नावाला मात्र वजन कधी आलं नाही. जर्मनेसे नाताळला परत येतो. मेरिकानो येईल की नाही हे सांगता येत नाही, आणि त्या न सांगता येण्याचंच वजन त्या शब्दाला होतं.

आमचा मेरिकानो तर कधी नेपल्सच्या पुढेही गेला नव्हता. नाव त्याच्या बापाचं. बाप वितालिआनो बावीस साली गेला, तेव्हा हा रांगत होता. काही वर्षं बापाची पत्रं आली, एक फोटो आला. फोटोत बाप एका मोटारीला टेकून उभा, मोटार कोणाची ते लिहिलेलं नव्हतं. एकोणतीसच्या उन्हाळ्यात शेवटचं पत्र. त्यानंतर काही नाही. आई दोमेनिका तेव्हा तीस-एकतीस वर्षांची. नवरा मेल्याचं कळलं असतं तर विधवेचे काळे कपडे घालता आले असते; तेही नाही. गावाने तिला मेरिकाना म्हणायला सुरुवात केली आणि मुलाला मेरिकानो. शाळेच्या वाटेवर पोरं मागून ओरडायची, "मेरिकानो, बापाचं जहाज लागलं का रे?" पोरं मोठी झाली, टकली झाली, तरी ओरडायची. त्यात आता दुष्टपणा उरला नव्हता. सवय होती. सवय दुष्टपणापेक्षा जास्त टिकते.

तो रागावत नसे. हसायचाही नाही. "लागेल," म्हणायचा, आणि पुढे जायचा.

त्र्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये ते जहाज खरोखर लागलं, असं म्हणायला हरकत नाही. मी तेव्हा बारमध्ये होतो, म्हणून जे पाहिलं तेच सांगतो. दुपार उतरत होती. भाड्याची गाडी चौकात थांबली आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेला, चाळिशी उलटलेला, घामाने निथळणारा माणूस उतरला. आत येऊन त्याने आमच्या बोलीत थंड पाणी मागितलं. पण बोली कसली! त्याचे शब्द माझ्या आजोबांच्या तोंडी ऐकलेले, गावाने कधीच टाकून दिलेले. गाव हसलं.

"कुणाचा रे बाबा तू?" सावेरिओने विचारलं.

"वितालिआनो प्रोकोपिओचा. इथलेच ते. गेल्या वर्षी वारले. घर बघायला आलोय."

हसणं थांबलं. मेरिकानो कोपऱ्यात बसला होता, बादली पायाशी. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. तो तसाच हळू ठेवायचा नेहमी.

"नाव काय तुमचं?" त्यानेच विचारलं.

"अगात्सिओ. तिकडे मला गस म्हणतात, पण कागदावर अगात्सिओ. आजोबांचं नाव. मी पहिला मुलगा ना. तीस सालचा."

आमच्या गावात हे वाक्य कोणाला उलगडून सांगावं लागत नाही. पहिला मुलगा, म्हणून आजोबांचं नाव. म्हणजे वितालिआनोने तिकडे जाऊन पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली होती. इथला पहिला त्याने मोजलाच नव्हता. बारमध्ये बसलेल्या प्रत्येकाने हे मनात मांडलं आणि प्रत्येकाने खाली बघितलं. त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. चांगला माणूस होता. "पप्पा म्हणायचे, गावात माझं आता कुणी नाही," असं म्हणून त्याने सगळ्यांना बिअर सांगितली.

एवढ्यात बाहेरून एका म्हाताऱ्याने नेहमीसारखी हाक मारली, "ए मेरिकानो!"

दोघांनीही मान वर केली. पण शर्टवाला आधी उठला, हात वर करून, तोंडभर हसत. "हो, मीच! मीच तो!" त्याला वाटलं, गावाने त्याला ओळखलं.

मेरिकानो अर्धवट उठला होता, तो परत खाली बसला.

मग तोच पाहुण्याला घर दाखवायला घेऊन गेला. आपण शेजारी आहोत असं सांगून. आम्ही कोणी काही बोललो नाही. बोलायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा एकट्याचा होता. दोमेनिका दारात मिरच्यांच्या माळा ओवत बसली होती, पंचाहत्तरीची. पाहुण्याने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला, फोटो काढला, म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि दिवस मावळायच्या आत किनाऱ्याकडे निघून गेला. मला पुढचं सेराफिनाने सांगितलं. सेराफिना मेरिकानोची बायको. गाडी वळणाआड गेल्यावर म्हातारी म्हणाली,

"चाल त्याचीच आहे. डावा पाय तसाच टाकतो."

मुलगा खाली पडलेल्या मिरच्या वेचायला लागला.

"काही खाल्लं का रे त्याने? का उपाशीच पाठवलास?"

"बिअर प्यायला."

"बिअरने काय होतंय," म्हातारी म्हणाली आणि माळ ओवायला लागली. त्या हिवाळ्यात ती गेली. तिचा कागद मुलानेच लावला, आणि खालच्या ओळीत, सगळ्यांना कळावं म्हणून, मेरिकाना असं लिहिलेलं होतं. कागद लावून झाल्यावर तो भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. खळ वाळते आहे का बघत असेल, असं लोकांना वाटलं.

त्यानंतर तो 'लागेल' म्हणेनासा झाला. हाकेला ओ द्यायचा, पण उशिरा, दुसऱ्या कोणाला बोलावत नाहीत ना याची खात्री करून घेतल्यासारखा. गावाला फरक कळला नाही.

मला कळला तो अगदी शेवटी. दोन हजार दोनचा ऑक्टोबर. छातीच्या दुखण्याने त्याला अंथरुणात टाकलं होतं. त्याचं घर गावाच्या खालच्या टोकाला, स्मशानाच्या जुन्या रस्त्यावर. त्या गल्लीतली बाकीची घरं तोरिनोला आणि जर्मनीला कामाला गेलेली, दारांना कुलपं. मी नवीन तेलाची बाटली द्यायला गेलो होतो. सेराफिना स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती; दार उघडं ठेवून पलंगाशी बोलत होती.

"सेराफिना," तो म्हणाला, "माझ्या कागदावर खाली काही लिहायचं नाही."

"आता कागदाचं काय मधेच? सूप घे."

"हिशेबनीस आलाय, त्याच्यासमोर सांगतो. नुसतं नाव. अगात्सिओ प्रोकोपिओ. खाली कोरं."

"लोकांना कळणार कसं मग? जन्मभर घरोघर विचारत फिरलास, खाली काय लिहू, खाली काय लिहू. एक तरी कोरा कागद लावलास?"

"नाही लावला. म्हणून तर मागतोय."

मी म्हटलं, "काका, चार अगात्सिओंपैकी कोण, हे लोकांना..."

"ते नाव त्याचं आहे," तो म्हणाला. "जो गेला त्याचं, आणि जो बघायला आला त्याचं. मी कुठे गेलो? मला आईने एक नाव दिलं. बापाने तेही तिकडे नेऊन दुसऱ्याला दिलं. पण आईने आधी दिलं होतं. भिंतीवर एकदा तेवढंच असू दे. फार नाही मागत."

सेराफिनाने शेंगा बाजूला ठेवल्या, ओले हात एप्रनला पुसले आणि जाऊन त्याच्या कपाळावर ठेवले. "बरं," म्हणाली. "कोरं." आणि मग, तिला गप्प बसणं जमत नाही म्हणून, "मेलेला माणूस सुद्धा नखरे करतो हे आमच्याकडेच."

तो किनाऱ्यावरच्या इस्पितळात वारला, नोव्हेंबरात, जैतुनाच्या ऐन हंगामात. सारं गाव रानात जाळ्या पसरून बसलेलं. कागद छापून घ्यायला सेराफिना मला घेऊन गेली. छापखान्यातल्या मुलीने विचारलं, "खाली?" सेराफिनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, अजून विचार करा." ती मुलीला म्हणाली, "खाली काही नाही. एक्याऐंशी वर्षं, आणि काही नाही."

कागद लावायला किनाऱ्यावरची अंत्यविधीवाल्यांची माणसं आली. गाडीतून उतरले, भिंतींना टेप मारली, निघून गेले. त्यांना कोणी विचारलं नाही, कोण गेलं म्हणून. विचारायची सवय होती ती बादलीवाल्याला.

तरी दोघातिघांनी कागद वाचला. अगात्सिओ प्रोकोपिओ, वय एक्याऐंशी. त्या वयाचा म्हणजे लंगडाच, असं ठरलं. मेरिकानोची आठवण कोणालाही झाली नाही. त्याला त्या नावाने कोणी कधी हाक मारलीच नव्हती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांनी जेवण न्यायचं, हा आमचा रिवाज. सावेरिओची बायको कोंबडीच्या सुपाचं पातेलं आणि बशीत साखर-कॉफी घेऊन कारंज्याजवळ लंगड्याच्या घरी गेली. मागून आणखी दोघी. दार खुद्द लंगड्याने उघडलं.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

"तू," सावेरिओची बायको म्हणाली. दुसरं तिला काही सुचलं नाही.

लंगड्याने पातेल्यातली वाफ हुंगली. "मग उभ्या काय राहिलात? आणा आत. मेलो असलो तरी भूक आहे."

हा किस्सा अर्ध्या तासात रानभर गेला; मी गिरणीत होतो, माझ्यापर्यंत तो संध्याकाळी आला. लोक हसून हसून जाळ्यांवर बसले. मग लंगडा नाही म्हणजे तोरिनोला राहायला गेलेला अगात्सिओ असणार, असं सर्वानुमते ठरलं. तिकडे वारला असेल, घरच्यांनी इथे रीत म्हणून कागद लावला असेल, पुरतील तिकडेच. घंटा वाजली तीही त्याच्याच नावाची समजून लोकांनी टोप्या काढल्या आणि जैतून वेचायला लागले.

शवपेटी इस्पितळातून सरळ चर्चमध्ये आली. मी गिरणी बंद करून तिथल्या दोघा कामगारांना ओढत घेऊन गेलो, तेलकट कपड्यांतच. सेराफिना, तिची बहीण, आम्ही तिघे, पाद्रीबाबा. खांदा द्यायला माणसं पुरेनात, म्हणून अंत्यविधीवाल्यांनी चाकांची गाडी काढली. दगडांवरून त्या चाकांचा फार आवाज होतो. सेराफिना वाटभर मागे वळून बघत होती. चढावर कोणी दिसत नव्हतं.

"कागद लागलाय ना नीट?" तिने मला विचारलं.

"लागलाय, काकू."

"चौकातही?"

"चौकातही."

संध्याकाळी गिरणीतला एकजण बारमध्ये शिरला. सावेरिओ त्याच्या बुटांकडे बघून म्हणाला, "स्मशानातली माती घेऊन आत कशाला आलास? कोणाला पोचवलंस?"

"मेरिकानोला."

सावेरिओ हातातला पेला पुसता पुसता थांबला. "कधी?"

"आता. दुपारी. कागद नाही वाचलास?"

मग सावेरिओ चिडला. आमच्याकडे माणूस आधी चिडतो, मग रडतो. "मग लिहायचं होतं ना खाली! खाली लिहायला काय जड जात होतं? मला वाटलं ते... मी तर त्या लंगड्याला... अरे, तीस वर्षं मी रोज विचारलंय त्याला, कोण गेलं म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सगळे पातेली घेऊन खालच्या रस्त्याला गेले. पास्ता, सूप, उकडलेली अंडी, वाईन. सेराफिनाने दार अर्धं उघडलं.

"कागद लागला होता," ती म्हणाली. "वेळही लिहिली होती, काल तीनची." आणि दार लावून घेतलं. पातेली बाहेर पायरीवर राहिली. मांजरांनी रात्री झाकणं पाडली.

मला मात्र ती आत घ्यायची. चुलीपाशी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची. "मी त्याचं ऐकलं आणि त्याला कुणीच नसल्यासारखा पोचवला. बापाने पहिल्यांदा टाकला, दुसऱ्यांदा मी. हिशेबनीस, तू शिकलेला आहेस, सांग. वचन पाळायचं होतं की माणसं जमवायची होती?"

मी चुलीत लाकूड सरकवायचो.

महिन्याने मयतासाठी चर्चमध्ये पुन्हा मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होते आणि पुन्हा कागद लागतो. सेराफिनाने छापखान्यात जायचं लांबवलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती काळी शाल घेऊन निघाली आणि वरच्या टोकापासून एकेक घर घ्यायला लागली. मी गिरणीच्या दारातून बघत होतो. एक दार, दुसरं दार. गिरणीशेजारी आमच्या दारीही आली. माझी बायको पुढे झाली.

"अगात्सिओची मिस्सा आहे रविवारी," सेराफिना म्हणाली. "माझ्या अगात्सिओची."

"येऊ, काकू."

"कुठला ते विचार ना."

"माहीत आहे हो आम्हाला."

"विचार," ती हट्टाने म्हणाली. "सगळ्यांना सांगतेय. दोमेनिकाचा. अगात्सिओ, दोमेनिकाचा."

माझ्या बायकोने मान हलवली. बाप असताना आईच्या नावाने माणूस ओळखायची आमच्याकडे रीत नाही. पण सेराफिनाने दारोदार तेच सांगितलं. काही ठिकाणी तिला थांबून समजवावं लागलं, मिरच्यांच्या माळा ओवणारी दोमेनिका, खालच्या रस्त्याची. म्हाताऱ्यांना आठवली. तरुणांना दोमेनिका नावाची बाई कधी होती हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी ऐकली होती ती मेरिकाना. तरी तो दुसरा शब्द तिने कुठल्याही दारी उच्चारला नाही. दुपारी ती माझ्याकडे आली, पाय सुजलेले, आणि म्हणाली, "आता लिही. खाली एक ओळ. दोमेनिकाचा. हे त्याला चाललं असतं." मी तिच्याबरोबर जाऊन तसं छापून घेतलं. सावेरिओने हट्ट करून बादली मागून घेतली आणि खळ शिजवून कागद स्वतः लावले. निम्मे वाकडे लागले.

रविवारी चर्च भरलं. बाहेर पायऱ्यांवर माणसं उभी होती. लंगडाही आला होता, नवा सदरा घालून. सेराफिना पहिल्या बाकावर, मी तिच्या मागे. पाद्रीबाबांनी नाव घेतलं, "अगात्सिओ, दोमेनिकाचा पुत्र," आणि तिची पाठ जरा ताठ झाली.

तेव्हा मागच्या बाकावरून एका बाईचा हळू आवाज आला. ती मिस्साला उशिरा आली होती.

"दोमेनिकाचा कोण गं?"

आणि दुसरीचा, त्याहून हळू,

"अगं, मेरिकानो."

"हां, मेरिकानो! बिचारा," पहिली म्हणाली आणि तिने क्रूसाची खूण केली.

सेराफिनाने ते ऐकलं. तिच्या हातातली जपमाळ थांबली, हे मला मागून दिसलं. तिने मान वळवली नाही. थोड्या वेळाने मणी पुन्हा एकेक करून पुढे सरकायला लागले.